गेली का, टिकली का, परतली का

१९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ नांदेडला जोडलं गेलं. पैनगंगेच्या अंगाचं, सहस्रकुंडाच्या शेजारचं इस्लापूर मराठी मुलखात आलं. बोथ, उटनूर, इंद्रवेल्ली तिकडे राहिली. दोन्हीकडे गोंड होते, कोलाम होते, सागवान होता आणि जंगलात पाय ठेवला की दरडावणारा वनरक्षकही होता. पंचवीस वर्षांनी, २० एप्रिल १९८१ रोजी, इंद्रवेल्लीत गोंडांच्या मेळाव्यावर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. लोक कितीतरी जास्त सांगतात. त्या दिवसाच्या सांगोवांगीत एक गोंड बाई हमखास येते. पोलिसाने तिच्या अंगाला हात लावला, तिने त्याच्यावर वार केला आणि तिथून भडका उडाला, असं सांगतात.

हे तसंच घडलं का, याची खातरजमा आता कठीण आहे. पण बाईने शस्त्र उचललं की त्याचं कारण तिच्या अब्रूत शोधायचं, ही सवय किती खोल आहे हे त्या कथेतून कळतं. कारण अब्रूत सापडलं नाही तर प्रेमात शोधतात, तिथेही नाही तर फसवणुकीत. पुरुष दलममध्ये, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत, गेला तर त्याला विचारसरणी असते. बाई गेली तर तिला कोणीतरी नेलेलं असतं. महाराष्ट्रात गेल्या चार-पाच दशकांत दहशतवादाच्या कलमांखाली ज्या स्त्रियांची नावं आली, त्यांच्याकडे पाहिलं की हा समज टिकत नाही. मुख्य म्हणजे ती का गेली, का टिकली आणि का परतली, ही तीन वेगळी कोडी आहेत. आपण पहिल्याचं उत्तर मिळालं की उरलेल्या दोन्हींवर तेच चिकटवतो.

दहशतवाद कशाला म्हणायचं, हा वाद इथे फार ताणत नाही. भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) २००९ पासून बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या यादीत दहशतवादी संघटना म्हणून आहे, आणि खबरी ठरवून गावकऱ्यांचे गळे कापणाऱ्या संघटनेला तो शब्द लावायला मला संकोच वाटत नाही. एवढं मात्र ध्यानात ठेवावं की हा शब्द कोण वापरतो, यावर पुष्कळ अवलंबून असतं. कोमिल्ल्याच्या मॅजिस्ट्रेटला डिसेंबर १९३१ मध्ये गोळ्या घालणाऱ्या शांती घोष आणि सुनीती चौधरी या शाळकरी मुली, किंवा पुढच्याच वर्षी पदवीदान समारंभात गव्हर्नरवर पिस्तूल झाडणारी बीना दास, इंग्रजांच्या दप्तरात दहशतवादीच होत्या. आपल्याकडे रझाकारांवर हातबॉम्ब टाकणाऱ्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके मराठवाड्याची झाशीची राणी म्हणून गौरवल्या गेल्या. निजामाच्या दप्तरात त्यांची नोंद याहून वेगळी असणार, हे उघड आहे.

त्याच निजामी राज्यातली आणखी एक गोष्ट या विषयाला फार जवळची आहे. तेलंगणातला सशस्त्र शेतकरी लढा १९४६ ते १९५१ चालला. त्यातल्या बायकांच्या मुलाखती हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने १९८० च्या दशकात घेतल्या आणि त्यांचं पुस्तक केलं. त्या म्हाताऱ्या बायकांनी जे सांगितलं ते कुठल्याच पक्षाला सोयीचं नव्हतं. जंगलातली, भूमिगत राहण्याची वर्षं आयुष्यातली सर्वांत मोकळी होती, असं त्यांतल्या अनेकींना वाटत होतं. तान्ही मुलं दुसऱ्यांच्या हाती देऊन पुढे जावं लागल्याची सलही होती. आणि लढा मागे घेतल्यावर पुढाऱ्यांनी घरी जा, संसार करा असं सांगितलं, त्याचा राग तर तीस वर्षांनीही विझलेला नव्हता. का गेलात, या प्रश्नावर त्या थोडं बोलतात. का राहिलात आणि पुढे काय झालं, यावर भरभरून बोलतात.

आता गडचिरोली. एप्रिल १९८० मध्ये कोंडापल्ली सीतारामय्यांनी पीपल्स वॉर गट, म्हणजे पुढच्या माओवादी पक्षाचा एक मूळ गट, स्थापन केला आणि त्याच वर्षी गोदावरी-प्राणहिता ओलांडून छोट्या तुकड्या या बाजूला पाठवल्या. २ नोव्हेंबर १९८० रोजी सिरोंचा भागात त्या तुकड्यांतला पेद्दी शंकर पोलिसांच्या गोळीने मेला. गडचिरोली जिल्हा तेव्हा जन्मलाही नव्हता, तो ऑगस्ट १९८२ मध्ये झाला. लगेच पुढच्या वर्षी, १९८३ मध्ये, अहेरी तालुक्यातल्या किष्टापूरची विमला सिडाम दलममध्ये गेली. पुढे तारक्का या नावाने ती चार दशकं ओळखली गेली.

ती गेली त्या काळातलं जंगल कसं होतं, ते आधी पाहायला हवं. तेंदूपाने बायका आणि पोरं तोडत, पुडे बांधत. भाव ठेकेदार ठरवी. बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीला जाई, कापणाऱ्याच्या हाती चार पैसे पडत. वनरक्षकाला कोंबडी, दारू, वेठ आणि कधी बाईही लागे. दलमने ठेकेदाराला अडवून तेंदूचा भाव वाढवून घेतला, वनरक्षकाला झोडपलं. ही गोष्ट पोलीस अधिकारीही खासगीत मान्य करतात. ज्या मुलीने लहानपणापासून गावाला खाकीपुढे वाकताना पाहिलं, तिला बंदूक खांद्यावर घेऊन फिरणारी दुसरी मुलगी दिसणं ही केवढी मोठी घटना असेल, हे शहरात बसून कळत नाही.

पण जाच फक्त बाहेरचा नव्हता. १९८६ च्या सुमारास पक्षाने आदिवासी महिला संघटना उभी केली, तीच पुढे क्रांतिकारी आदिवासी महिला संघटना झाली. तिचे विषय पाहा: मुलीला उचलून नेऊन लावलेलं लग्न, दुसरी बायको आणणं, दारू पिऊन मारहाण, अबूझमाड भागात लग्नानंतर बाईला पोलकं घालू न देण्याची रीत. माडिया-गोंड गावांत पाळी आलेल्या बाईने गावाबाहेरच्या कुर्माघरात राहायचं, ही प्रथा आजही चालू आहे. आदिवासी समाजात स्त्री-पुरुष समान असतात, असं आपले लेखक हौसेने लिहितात. गोटुलचं, तरुण मुलामुलींच्या एकत्र घराचं, वर्णन करताना तर त्यांना भरतं येतं. त्या समाजातल्या मुलींनी घरातून पळून जायला बंदुकीचा रस्ता धरला, ही बाब त्या वर्णनात कुठे बसत नाही, म्हणून तिचा उल्लेखही टळतो.

आत जाणाऱ्या मुलींच्या सांगण्यात वारंवार भेटतात ती कारणं अशी: नको असलेलं लग्न, सावत्र घर, गावात येणाऱ्या पक्षाच्या चेतना नाट्य मंचाची गाणी आणि नाच, भाऊ किंवा मावसबहीण आधीच आत असणं, पोलिसांनी घरच्या कोणाला उचललेलं असणं. कधी साधी धमकी, की घरटी एक पोर द्या. क्वचित प्रेमही. मार्क्स आणि माओ नंतर येतात, अक्षरओळखीबरोबर. अनेकींना दलममध्येच लिहायला-वाचायला आलं. म्हणजे विचारसरणी नसते असं नाही, ती दारातून आत गेल्यावर भेटते.

या साऱ्या माहितीकडे जरा सावधपणे पाहायला हवं. आत्मसमर्पण केलेली बाई पोलीस मुख्यालयात पत्रकारांसमोर बोलते तेव्हा आपल्याला फसवलं, राबवलं, शोषण झालं, हे सांगणं तिच्या सोयीचं असतं. पक्षाच्या पुस्तिकांत मेलेल्या स्त्री-कॉम्रेडची चरित्रं असतात, त्यांत प्रत्येक जणी हसतमुख, शिस्तप्रिय आणि निर्भय असते. दोन्हीकडे बाई स्वतः फार कमी बोलते.

गरिबी आणि अन्याय हेच कारण असतं तर इस्लापूर-किनवट पट्ट्यातून मुलींची रीघ लागायला हवी होती. किनवटचं नाव नक्षलग्रस्त तालुक्यांच्या सरकारी यादीत आलं, आदिलाबादची चळवळ अगदी शेजारी होती. तरी एटापल्ली, भामरागड, अहेरीसारखी रीघ इथे लागली नाही. इथल्या तांड्यांवर आणि वाड्यांवर दारात येतो तो मुकादम. तो उचल देतो आणि नवरा-बायकोचा कोयता ऊसतोडीला घेऊन जातो. बाई तिकडेही घर सोडतेच, उघड्यावर राहतेच. एटापल्लीच्या पाड्यावर त्याच वयात दारात दलम येत होतं, तेही महिन्या-दोन महिन्यांनी, जेवायला, बैठक घ्यायला, भांडण सोडवायला. कोण बंडखोर होईल याचा अंदाज तिच्या मनात डोकावून बांधण्यापेक्षा दारात कोण येतं हे पाहून बांधणं अधिक भरवशाचं, असं मला वाटतं. मनातली खदखद सगळीकडे सारखीच आढळते.

अनुराधा गांधींच्या दारात कोणी आलं नव्हतं. त्या स्वतः चालत गेल्या. १९५४ चा जन्म, मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज, समाजशास्त्राची प्राध्यापकी, नागपुरात इंदोऱ्याच्या दलित वस्तीत मुक्काम, खापरखेड्याच्या कामगारांत काम, मग बस्तर. १२ एप्रिल २००८ रोजी मेंदूच्या मलेरियाने गेल्या तेव्हा त्या पक्षाच्या केंद्रीय समितीत होत्या. नवऱ्याच्या मागून गेल्या म्हणावं, तर कोबाड गांधींना ओळखणारेच सांगतात की लोकांत मिसळण्यात अनुराधाच पुढे असायच्या. त्यांचं लिखाण जात आणि स्त्रीप्रश्न या दोन्हींवर आहे, आणि स्वतःच्या पक्षातल्या पुरुषीपणावरही त्यांनी बोट ठेवलं. गंमत अशी की पुरोगामी वर्तुळात त्यांच्याबद्दल बोलताना त्यागाचाच सूर लागतो, त्या त्यागाने जी बंदूक पोसली ती कोणावर चालली याचा नाही.

ती कोणावर चालली, त्याचं एक उत्तर २१ मे २००९ चं आहे. धानोरा तालुक्यात हत्तीगोट्याजवळ माओवाद्यांनी पोलिसांना घेरून सोळा जणांना मारलं. त्यांत पाच महिला पोलीस होत्या. त्या वर्षी गडचिरोलीत फेब्रुवारीत मरकेगाव, मे महिन्यात हत्तीगोटा आणि ऑक्टोबरात लाहेरी अशा तीन मोठ्या घटना झाल्या. जिल्ह्यातल्या पोलीस भरतीत उभ्या राहणाऱ्या मुली आणि दलममधल्या मुली पुष्कळदा एकाच प्रकारच्या घरातून येतात. सरकारी नोकरी, पगार, गणवेश, गावात मान, बापाच्या मर्जीबाहेरचं लग्न करण्याची ताकद: एकीला ते खाकीने दिलं आणि दुसरीला हिरव्या गणवेशाने. स्त्रिया दहशतवादाकडे का वळतात यावरच्या लेखनात पोलिसातल्या त्या पाच जणी सहसा येत नाहीत. आल्या असत्या तर मुक्तीच्या गोष्टी जरा जपून लिहिल्या गेल्या असत्या.

आत गेल्यावर टिकण्याचं कोडं वेगळं आहे. दलममध्ये स्वयंपाक, पाणी, पहारा स्त्री-पुरुषांत वाटलेला असतो, आणि घरी कधी न मिळालेलं नाव व पद तिथे मिळतं. दुसरीकडे लग्नाला वरिष्ठांची परवानगी लागते आणि मूल होऊ द्यायचं नसतं. लग्नाआधी पुरुषाची नसबंदी करतात. तरीही दिवस गेलेच तर गर्भपात. पश्चिम बंगालमधल्या शोभा मांडी या माजी कमांडरने 'एक माओवादी की डायरी' या पुस्तकात लैंगिक शोषणाचे थेट आरोप केले. दंडकारण्यातल्या इतर अनेकींनी तसा अनुभव नाकारला आहे. दोन्ही खरं असू शकतं. संघटनेत किती बायका यावर काही ठरत नाही, वर किती हे पाहावं लागतं. खालच्या फळीत निम्म्याच्या आसपास स्त्रिया असताना केंद्रीय समितीत मात्र शीला मरांडी, अनुराधा गांधी, सुजाता अशी मोजकीच नावं दिसतात. २२ एप्रिल २०१८ च्या कसनासूर-बोरिया चकमकीत आणि दुसऱ्या दिवशीच्या आणखी एका चकमकीत मिळून चाळीस जण मेले, त्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या. त्यानंतर गट्टेपल्लीच्या पालकांनी सांगितलं की आमची काही पोरं लग्नाला म्हणून गेली होती, परतली नाहीत. पोलिसांनी त्यांना नवी भरती म्हटलं.

शहरातली प्रकरणं संख्येने थोडी आहेत आणि तिथे दार बहुधा घरातलंच असतं. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. रुबिना मेमनला जन्मठेप झाली, कारण शस्त्रं सापडलेली मोटार तिच्या नावावर होती. २५ ऑगस्ट २००३ रोजी गेटवे ऑफ इंडिया आणि झवेरी बाजारात स्फोट झाले, पन्नासहून अधिक लोक मेले. त्यात फहमिदा सय्यद नवऱ्यासह दोषी ठरली. २००९ मध्ये पोटा न्यायालयाने फाशी दिली आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली. बायको-मुलींसह टॅक्सीतून जाणाऱ्या कुटुंबावर कोणी संशय घेत नाही, यावरच कटाची भिस्त होती. बाई असणं हे इथे हेतू नव्हतं, साधन होतं. नवऱ्यासोबत होती म्हणून तिला न्यायालयाने सूट दिली नाही. इथे मला न्यायालय वर्तमानपत्रांपेक्षा बाईला अधिक गांभीर्याने घेताना दिसतं.

उलट टोकाला मालेगाव आहे. २९ सप्टेंबर २००८ च्या त्या स्फोटात सहा जण मेले. साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर यांच्यावरचा आरोप मुख्यतः मोटारसायकलीच्या मालकीवर उभा होता. ती मालकी सिद्ध झाली नाही आणि ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडलं. सतरा वर्षं त्यांच्या प्रेरणांवर पानंच्या पानं लिहिली गेली होती, कोणी त्यांना राक्षसी ठरवलं, कोणी शहीद. कृत्य सिद्ध व्हायच्या आधी प्रेरणा सिद्ध करण्याची घाई बायकांच्या बाबतीत अधिक होते. २००४ मध्ये अहमदाबादजवळ मारली गेलेली मुंब्र्याची इशरत जहाँ हे दुसरं उदाहरण. ती कोण होती यावर जितका वाद झाला, तितका ती कशी मेली यावर झाला नाही.

अलीकडे दार मोबाइलमध्येही उघडतं. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्यातली एक शाळकरी मुलगी आयसिसच्या हस्तकांशी इंटरनेटवरून बोलत असल्याचं दहशतवादविरोधी पथकाने उघड केलं आणि अटकेऐवजी समुपदेशनाचा मार्ग धरला. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो, जरी पुढे तिच्याबाबत तो पुरा पडला नाही.

जगभरच्या अभ्यासकांनी या विषयावर बरंच रणकंदन केलं आहे. मिया ब्लूम सूड, पापक्षालन, नातं, सन्मान आणि बलात्कार अशी कारणांची मोट बांधतात. लॉरा स्योबर्ग आणि कॅरन जेन्ट्री त्यावर विचारतात की बायकांच्याच कारणांची अशी खासगी यादी का? मला दुसऱ्या बाजूचं पटतं, पण पूर्ण नाही. राजीव गांधींना मारणारी धनू, मॉस्कोच्या नाट्यगृहातल्या काळ्या बुरख्यातल्या चेचेन बायका, विमान पळवणारी लैला खालिद आणि नायजेरियात बोको हरामने कमरेला स्फोटकं बांधून पाठवलेल्या दहा-बारा वर्षांच्या पोरी, यांना एका मोटेत बांधता येत नाही. शेवटच्या पोरींच्या बाबतीत तर प्रेरणा हा शब्दच क्रूर आहे.

परतण्याबद्दल महाराष्ट्राकडे सांगण्यासारखं अधिक आहे. २००५ पासून आत्मसमर्पण योजना आहे. गडचिरोलीत शरण आलेल्यांसाठी नवजीवन वसाहत झाली. नसबंदी केलेल्या पुरुषांवर ती उलटवण्याची शस्त्रक्रिया करून दिली जाते आणि जोडप्यांना मुलं होतात. बाई परत का येते, याचं सर्वांत ठळक उत्तर त्या शस्त्रक्रियेच्या मागणीत आहे, असं तिथले डॉक्टर-पोलीस सांगतात. आजारपण, थकवा, मेलेले सोबती, नेत्यांवरचा विश्वास उडणं हीही कारणं आहेत. गावी मात्र फारच थोड्या जातात. खबरी ठरण्याची भीती असते.

१ जानेवारी २०२५ रोजी तारक्का मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर दहा साथीदारांसह शरण आली. त्या अकरांत आठ स्त्रिया होत्या. सप्टेंबरात तिची जाऊ, म्हणजे २०११ मध्ये बंगालात मारल्या गेलेल्या माओवादी नेत्या किशनजीची विधवा सुजाता, त्रेचाळीस वर्षांच्या भूमिगत आयुष्यानंतर तेलंगणात बाहेर आली. तारक्काचा नवरा भूपती, पक्षाचा पॉलिटब्युरो सदस्य, साठ जणांसह गडचिरोलीत शरण आला तो ऑक्टोबरात, बायकोच्या साडेनऊ महिन्यांनंतर. नवरा नेईल तिकडे बाई जाते, हे सूत्र किशनजी आणि भूपती या भावांच्या मल्लोजुला घराण्यात तरी उलटं फिरलं.

सगळ्यांना तशी वाट मिळाली नाही. नर्मदाक्का म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, महिला संघटनेच्या ज्येष्ठ नेत्या निर्मला उप्पुगंटी यांना जून २०१९ मध्ये हैदराबादेत अटक झाली. कर्करोगाने पोखरलेल्या अवस्थेत, खटला अपुरा असतानाच एप्रिल २०२२ मध्ये त्या मुंबईत गेल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये माओवादी कमांडर माडवी हिडमा आंध्रच्या जंगलात मारला गेला तेव्हा त्याची बायको राजेही त्याच्यासोबत मेली.

तारक्का आणि सुजाता आता साठीपुढच्या आहेत. त्यांच्या जबान्या पोलीस दप्तरात आहेत आणि त्या खटल्यांच्या कामाच्या आहेत, या विषयाच्या फारशा नाहीत. हैदराबादच्या बायकांनी जसं तेलुगूत केलं तसं कोणीतरी माडिया आणि गोंडी येणाऱ्या माणसाने, पोलीस ठाण्याबाहेर, नवजीवन वसाहतीतल्या ओट्यावर बसून या बायकांचं बोलणं लिहून घ्यायला हवं. त्यात हत्तीगोट्यात मेलेल्या पोलीस मुलींच्या आयांनाही विचारावं, आणि खबरी म्हणून मारलेल्यांच्या बायकांनाही.